भिंतीवरची मावशी

शिमगा झाल्यावर एक चित्रकार मुलगी डिचोलीतल्या आमच्या जुन्या आळीत भिंती रंगवायला आली. पार्से गावची माझी मावशी तेव्हा आमच्याकडे आली होती आणि पायऱ्यांवर बसून काजूच्या बिया फोडत होती. मुलीने तिचे फोटो काढले, आणि मावशी गावी परतल्यावर चार घरं पलीकडच्या भिंतीवर तिला छपरापर्यंत रंगवून टाकलं.

मावशीला ते बघायचं होतं. दर फोनवर तिचा एकच प्रश्न आणि माझं एकच उत्तर, पुढच्या रविवारी आणतो. रविवार टाळता टाळता गणपतीची चवथ तोंडावर आली, तेव्हा ती स्वतःच बस पकडून आली. ठेवणीतली साडी नेसून.

मीही हौशी. चित्र शेवटी दाखवू म्हणून तिला आधी अख्खी आळी फिरवली. कमानी, लाकडी कठड्याचे सज्जे, काचेऐवजी शिंपले बसवलेल्या खिडक्या, सगळ्यावर व्याख्यान दिलं. मग हॉटेलात पातळभाजी आणि पाव मागवला. तिने पाव भाजीत बुडवला तो बुडवूनच ठेवला.

"घरां कसली दाखयतंस? माजां तोंड दाखय आदीं."

कोपरा वळलो. भिंत पांढरीशुभ्र. घरमालक बादलीशेजारी ब्रश घेऊन मोठ्या समाधानाने उभे.

"चवथ आयली न्हय? दर वर्सा मारतां तसो चुनो मारलो."

त्यांना काय बोलणार? परवाच मी माझ्या घराला चुना मारला होता. चित्रावर चुना मारू नका असं शेजाऱ्यांना जाऊन सांगावं हे काही मला सुचलं नाही. लाजेने मला मावशीकडे बघवेना.

ती भिंतीजवळ गेली. तिथे अबोलीच्या जड कुंड्या होत्या. त्या हलवायचा मालकांना कंटाळा आला असणार, कारण मागे वीतभर भिंत रंगीतच राहिली होती. मावशीने पानं बाजूला केली. दोन पावलं दिसली, भेगांसकट.

"करांगळी बग. वाकडी. माजीच ती."

चप्पल काढून तिने आपलं पाऊल त्या पावलाशेजारी ठेवलं आणि बराच वेळ हसत राहिली. मला मात्र रडू येत होतं. निघताना ती मालकांना म्हणाली, "फुडल्या वर्साक ह्यो कुंड्यो हालयू नका हां."

तेव्हापासून चवथीच्या आधी ज्या दिवशी त्या भिंतीला चुना लागतो, त्या दिवशी मी अबोलीला पाणी घालायचं निमित्त काढून तिथे उभा असतो.