जयनगरचा सुईमाड

गेल्या महिन्यात एका वाचकाने नर्सरीतल्या झाडाचा फोटो पाठवून विचारलं, "काका, हे बंगल्यासमोर लावू का?" ताठ, राखी-निळसर पंख्यांसारखी पानं, खोडाला गोणपाटासारखं वेष्टण आणि त्यातून बाहेर आलेल्या दाभणाएवढ्या सुया. दक्षिण अमेरिकेतला काटेरी माड. बघताक्षणी ओळखला मी त्याला. दोन ओळींत उत्तर देता येईना, म्हणून साठच्या दशकातला माझा पहिला बंगळूर प्रवास इथे लिहितो आहे.

जायचं ठरवलं ते आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. मी नुकता पुण्यात नोकरीला चिकटलो होतो आणि दसऱ्याच्या रजेत लोळत पडायचा माझा बेत होता. पण काचबिंदूने आप्पांची नजर उतरत चालली होती. "सुमनला घेऊन ये. दिसतंय तोवर तिचं तोंड बघू दे," ते म्हणाले. सुमन म्हणजे माझी थोरली बहीण, बंगळूरला दिलेली. तिचा लहानगा मुकुंद गेल्यापासून पाच वर्षांत ती एकदाही माहेरी आली नव्हती. बोलावलं की एकच निरोप यायचा, माड सोडून येता येत नाही. आम्हाला तो बहाणा वाटायचा, आणि खरं सांगायचं तर मला तिचा रागच आला होता.

पुण्याहून बंगळूरपर्यंत तेव्हा मीटरगेज होती. गाडी इतकी निवांत, की वाटेतल्या गावांशी ओळख करून घेत जातेय असं वाटावं. बेळगावला घेतलेला कुंदा हुबळीपर्यंत टिकला नाही. अर्सीकेरेला पानात बांधलेली इडली मिळाली, तिची चव अजून जिभेवर आहे. तुम्ही आता विमानाने देवनहळ्ळीला उतरणार. त्या काळी ते नाव मी फक्त फळवाल्याच्या तोंडून ऐकलं, तिथले चकोते म्हणजे पपनस प्रसिद्ध म्हणून. स्वेटर मात्र तेव्हाही लागायचा आणि आताही जवळ ठेवा.

स्टेशनवर दाजी न्यायला आले होते. हे ताईचे यजमान, पेशाने शिंपी, तिथल्या शिवाजीनगरात दुकान. घराणं तीनेकशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं, त्यामुळे त्यांच्या मराठीत कानडीची सढळ फोडणी. दुकानाशेजारच्या हॉटेलात त्यांनी मला बसवलं.

"स्वल्प कॉफी घे. मग जाऊ घरला," ते म्हणाले. घोटभर घेऊन झाल्यावर हळूच म्हणाले, "ती येणार नाही बघ."

"का पण?"

"माड बघ आधी. मग मला विचार."

शिवाजीनगरहून बसने जयनगर गाठायला बराच वेळ लागला. तेव्हा ते नवंकोरं होतं. सरळ आखलेले रस्ते, दगडांचे ढीग, लाल माती आणि मध्येच एखादं घर. दाजींच्या अंगणात पेरू होता, जास्वंद होती आणि एका कोपऱ्यात तो माड. छावणीत राहणाऱ्या एका इंग्रज बाईंचे कपडे दाजी शिवायचे. बाईंच्या भावाने अर्जेंटिनाहून बिया धाडल्या होत्या. मायदेशी परतताना रोपाची कुंडी त्या दाजींना देऊन गेल्या. बजावून गेल्या की ऊन भरपूर दे, पाणी बेताने घाल आणि मध्ये हात घालू नकोस. इतक्या वर्षांत तो जेमतेम माझ्या खांद्याला लागला होता. त्याच्यावर एकही पाखरू बसलेलं नव्हतं. वारा आला की पेरू सळसळायचा, माडाची पानं मात्र एकमेकांवर घासून कातर चालल्यासारखी कच् कच् वाजायची.

ताई हसून पुढे आली, माझ्या तोंडावरून हात फिरवला. माझा राग तिथेच विरला. ती माडाला पाणी घालायला लागली आणि बोलली, "किती वेळ उन्हात उभा राहशील?"

मी सावलीत होतो.

जेवताना तिनेच सारं सांगितलं. मुकुंद दीड वर्षाचा होता. दाजींच्या कडेवर असताना त्याने डोक्यावरची मखमली टोपी काढून भिरकावली, ती थेट माडाच्या गाभ्यात, मिटलेल्या पानांच्या मध्ये गेली. दाजींनी हात घातला तो कोपरापर्यंत रक्ताळला. उद्या पान कापून काढू, असं ठरलं. त्याच रात्री पोराला ताप भरला. घटसर्प होता. टोपी राहिली. पुढे दाजींनी कोयता उचलला तेव्हा ताई आडवी आली.

"हे झाड मधून वाढतं," ती म्हणाली. "आतलं बाहेर ढकलत आणतं. एक दिवस आपण होऊन देईल. तेव्हा मी इथे नसले तर?"

मी बाहेर जाऊन पाहिलं. गाभ्यातल्या मिटलेल्या पानाच्या घडीत टोपीची लालचुटूक कड दिसत होती. आप्पांना काय सांगायचं, या विचाराने मला खूप उदास वाटलं.

खंडेनवमीला दुकान बंद. दाजींनी मशीन, कातर, टेप आणि सुयांची डबी घरी मांडली, सगळ्याला हळदकुंकू वाहिलं. उंबऱ्यावर कुंकू भरलेला कोहळा फोडला. "आज सुईला हात लावायचा नाही," त्यांनी मला बजावलं, जसा काही मी रोज रफू करत बसतो.

दुपारी जेवून बसलो होतो. कातरीचा आवाज आला. कातर देवापुढे होती आणि बाहेर वारा नव्हता. आधी ताई उठली, मागोमाग आम्ही.

मधलं पान पंख्यासारखं उघडलं होतं. सकाळी ते मिटलेलं मी पाहिलं होतं. टोपी अगदी टोकावर, हाताशी होती. ताईने ती उचलली. तिला एकही सुई लागली नाही.

दाजींनी टोपी हातात फिरवली. "माझ्याच हातची आहे," ते म्हणाले. मग कडेवरून वीत टाकत मोजली, पुन्हा मोजली. टेप पूजेत असल्याने हाताशिवाय माप नव्हतं. "दोन विती नि एक बोट होती," ते पुटपुटले. "आता दोन विती नि चार बोटं आहे."

"पावसाने सैल झाली असेल," मी म्हणालो.

त्यांनी टोपी उलटी करून दाखवली. पोरांच्या टोपीला शिंपी आत थोडं कापड दुमडून राखतात, डोकं वाढलं की सोडायला. ते राखलेलं कापड कोणी तरी सोडलं होतं. नवी शिवण बारीक, सरळ. दोरा तपकिरी होता, माडाच्या वेष्टणाचा तंतू.

"तू केलंस काय हे?" दाजींनी अगदी हळू विचारलं.

"मला वाटलं तुम्ही," ताई म्हणाली.

मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मला सुईत दोरा ओवता येत नाही हे दोघांना ठाऊक होतं.

ताई मात्र शांत होती. टोपीवरून बोट फिरवत म्हणाली, "म्हणजे सातवं लागलं की." तिने टोपी होती त्याच पानावर परत ठेवली आणि माझ्याकडे वळली. "आप्पांना बघून येते. सातवं लागलेलं पोर चार दिवस आईवाचून राहील."

पुण्याला आल्यावर आप्पांनी तिला पाहिलं. खिडकीजवळ उजेडात बसवून कितीतरी वेळ पाहिलं. थकलीस, म्हणाले, आणि रडले. चौथ्या दिवशी तिने बांधाबांध केली. जाण्याआधी मला घेऊन लक्ष्मी रोडला गेली आणि लाल मखमल घेतली. दुकानदाराने माप विचारलं तेव्हा म्हणाली, "थोडी जास्तच द्या. आत राखायला लागते."

त्यानंतर ती दर वर्षी माहेरी येत असे, चार दिवसच. आप्पांची नजर गेली तरी तिचा चेहरा त्यांना आठवत होता, आणि तो आठवावा म्हणून केलेल्या त्या प्रवासाचं मला आजही समाधान आहे. मखमलीचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही.

तर वाचकहो, झाड लावा. चिवट आहे, थंडी-दुष्काळ दोन्ही सोसतं. ऊन भरपूर द्या, पाणी तुंबू देऊ नका आणि वाढीची घाई करू नका. दारापासून लांब लावा. मात्र त्यात कोणाचं काही पडलं, तर हात रक्ताळला तरी चालेल, त्याच दिवशी काढा.