हळद न लागलेला ग्राइंडर

काका कोणतंही औजार हातात घेतलं की पयले त्याचा वास घ्यायचे. मंग तोंड असं करायचे की जशी चहात पाल निघाली. "शी!" बस, एवढंच. हातोडीले शी, पान्याले शी, दुकानदाराले तर तोंडावर शी.

तुमच्याही पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, असा एखादा माणूस असंनच, ज्याले काहीच पसंत पडत नाही. आमच्या ब्राह्मणपाऱ्यात हे काका होते. रेल्वेतून रिटायर झालेले फिटर. त्यायच्या अंगणातल्या टिनाच्या शेडमधे सारी औजारं खिळ्यायवर टांगलेली, तेल लावलेली. अन् मी बाजूच्या घरची पोट्टी. नोकरी नवा रायपुरात, दिवसभर कॉम्प्युटरसमोर. एक दिवस डोक्यात भूत शिरलं की आपण वेल्डिंग शिकायचं! घरीच! छतावर कुंड्यांचे स्टँड, टेबल, सारं बनवायचं!

मी कोणाले विचारलंच नाही. मोबाइलवर पाहिलं अन् मशीन मागवून टाकली. डब्यात वायर होती, ब्रश होता, वरून काळा चष्मा फुकट. डबा घेऊन मी धावतच काकाकडे.

काकानं मशीन एका हातानं उचलली. "टिफिन आहे काय वं हा?"

"काका, दोनशे अँपिअर लिहिलं आहे न त्याच्यावर!"

"लिहाले काय लागते." मंग वायर दोन बोटांत धरली. "बुटाची लेस आहे ही. तापंन अन् जळंन. शी!" मंग चष्मा. "हा घालून लग्नाले जाय. वेल्डिंग करशीन त डोळ्यात रेती गेल्यासारखं होईन, रात्रभर आलूच्या चकत्या ठेवून रडशीन."

"शिकण्यापुरतं चालते न काका."

बाप रे. काकानं तो चष्मा शेपटीनं धरलेल्या मेलेल्या उंदरासारखा खाली ठेवला. "माह्यासमोर 'चालते' म्हणायचं नाही. उलटी येते मले त्या शब्दानं."

पुढच्या रविवारी माह्या स्कूटीवर मागं बसून ते स्वतःच बाजारात आले. काय सांगू तुम्हाले! एका दुकानात वेल्डिंगच्या हेल्मेटची काच बल्बसमोर धरली, बल्ब आरामात दिसला. शी. दुसऱ्यात हातमोज्याचा वास घेतला, "चमडं नाही, रेक्झिन आहे." शी. लोखंड पकडाले टेबलाले कसायच्या व्हाइसमधे कागदाची पट्टी दाबली अन् ओढली, सरळ निघून आली. "याले दात नाही, हिरड्या आहे." कोपऱ्याकोपऱ्यात गुटख्याच्या पिचकाऱ्या, हाताले काळं चिकट ग्रीस. मलेही किळस याले लागली होती.

तिसऱ्या दुकानात हातात धरायचा ग्राइंडर बरा निघाला, चाकावर पत्र्याचा आडोसा, म्हणजे गार्ड असलेला. दुकानदार मले म्हणे, "दीदी, इसका गार्ड निकाल दूँ? सब निकलवाते हैं, बीच में आता है."

काका म्हणाले, "तेरी आँख भी बीच में आती होगी. वो भी निकलवा ले."

"अरे चलता है, दादाजी."

काका सरळ बाहेर. मी मागं. संध्याकाळपर्यंत फिरून गार्डवाला ग्राइंडर, खरं चमडं, बरी काच अन् दातवाला व्हाइस, एवढं मिळालं.

रायपूर सारं विश्वकर्मा पूजेले औजारं पूजते, काका मात्र खंडेनवमीलेच. त्या वर्षी मी माही सारी औजारं घेऊन गेली. मले फक्त एकच पाहिजे होतं, की काकानं माह्या मशीनले हळद लावावी. त्यायनं पाटावर हातोड्या मांडल्या, छिन्न्या मांडल्या, माहा व्हाइस मांडला, झेंडू वाहिले. मशीन उचलली अन् पाटाच्या बाहेर ठेवली. चपलेसारखी! मले रडूच आलं.

तिथेच आणखी एक गोष्ट बाहेर ठेवलेली होती. धार लावायचा जुना टेबल ग्राइंडर. फिरायचा गोल दगड काढलेला, पण साऱ्यांत चकाचक. पाहा न, इतकं चांगलं औजार अन् हळद नाही!

"याले काहून नाही काका?"

काकानं हातातला झेंडू खाली ठेवला. मंग सांगितलं. समोरच्या घरचा दोस्त छिन्नीले धार लावायले आला होता. ग्राइंडरले नवा दगड बसवायचा होता. बसवायच्या आधी दगड मधातल्या भोकातून बोटावर टांगून लाकडी मुठीनं वाजवतात. चांगला असला त टण्ण वाजते, आत चीर असली त थद.

"थद वाजला. आता पुन्हा बाजारात कोण जाते? मी म्हटलं, चालते."

दगड फिरता फिरता फुटला. दोस्ताचा डावा डोळा गेला.

"तो मले काहीच बोलला नाही वं. शिव्या देता त बरं झालं असतं." काका आपल्याच हाताकडे पाहून राहिले होते. तेच तोंड, चहात पाल निघालेलं.

दिवाळीच्या आधीच माह्या मशीनची वायर जळली. इतका घाण वास! नवी घ्याले मी काकालेच घेऊन गेली.

मागच्या उन्हाळ्यात काकाचे गुडघे गेले अन् पोरगी त्यायले नागपूरले घेऊन गेली. औजारं मले दिली. "ग्राइंडर भंगारात देजो," म्हणाले. मी नाही दिला.

यंदा त्याच्यासाठी दगड आणाले गेली. पयला थद. दुसरा थद. शी! दुकानदार हसून राहिला, "दीदी, ये सितार थोड़ी है." चौथा वाजला.

खंडेनवमीच्या सकाळी काकाच्याच शेडमधे पाट मांडला, बोटावर हळद घेतली अन् फोन लावला.

"काका, ग्राइंडरले हळद लावू काय?"

"भंगारात दे म्हटलं होतं न तुले."

"नवा दगड आणला. बसवला नाही अजून."

तिकडून नाकानं श्वास घेतल्याचा आवाज आला, जसे वास घेऊन राहिले. "वाजवला?"

"हव."

"तू ऐकला. मी नाही ऐकला."

मी दगड बोटावर टांगला, फोन जवळ ठेवला अन् वाजवला. टण्ण.

"पुन्हा."

टण्ण.

"फिरव. चारी बाजूनं."

चारी बाजूनं वाजवला. तिकडून शी आली नाही.

"त्याच्यावर डोळ्यासमोरची काच असते," काका हळूच म्हणाले. "मी तेव्हा, मधात येते म्हणून, काढून ठेवली होती. शेडमधे वरच्या खिळ्याले असंन. पयले ती बसव. मंग हळद."

होती. फडक्यात गुंडाळलेली. बोटावरची हळद तशीच सुकू दिली अन् पयले काच कसली.