दाजींचा अपुरा वार्षिकांक

परदेशातल्या एका दूरचित्रवाणी मालिकेवर आमच्या दाजींइतका जीव लावलेला माणूस अख्ख्या पृथ्वीवर सापडणार नाही, आणि त्यांनी ती मालिका कधी पाहिलेलीच नव्हती. अवकाशयानातून भटकणाऱ्या माणसांची ती मालिका तिकडं पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. तिच्या जोडीनं जाड पुठ्ठ्याचे वार्षिकांक, भागांचे सारांश, ग्रहांचे नकाशे अशी पुस्तकं निघत. दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, त्या जुन्या पुस्तकांपायी वेडे होते.

येडशीच्या शाळेत ते इंग्रजी शिकवत आणि पुस्तकं मिळवत तेरखेड्याहून. तिथं फटाक्यांच्या नळ्या वळायला शहरांतून रद्दी येते, आणि त्या ढिगात काय निघेल याचा नेम नसतो. शनिवारी सकाळची शाळा सुटली की दाजी एसटीनं जाऊन ढिगाशेजारी मांडी घालत. नळ्या वळणाऱ्या रझियाभाभी लांबूनच ओरडत, "या गुरुजी, तुमची भुतं बाजूला काढून ठेवलीत बघा!"

"भुतं न्हाईत भाभी, परग्रहावरचे लोक हायत."

"असू द्या. आमच्याकडं आले म्हणजे पाव्हणंच."

घरी आलेल्या पुस्तकाला आधी ऊन दाखवायचं, मग खाकी कव्हर, मग लोखंडी कपाटात जागा. त्या कपाटात अक्काच्या साड्यांना एक कप्पा होता. पुढं तोही गेला. जेवायला आलेल्या माणसाच्या पानात भाजी पडायच्या आत त्याच्यासमोर यानाचा नकाशा उलगडलेला असे. मी एकदा फोनवर त्यांना खरी मालिका लावून दिली. पाच मिनिटं पाहून त्यांनी फोन परत केला. "पाव्हणं, दार लोटलं की भिंत हलती की हो यांची. पुस्तकात न्हाई हलत."

एका वर्षी दिवाळीच्या तोंडावर त्यांना सगळ्यात जुना वार्षिकांक मिळाला, पण जरा उशिरा. शेवटची सोळा पानं नळ्यांत गेली होती. गोष्ट अशी की यान कित्येक वर्षांनी पृथ्वीवर उतरतं, म्हातारा कप्तान आपल्या घराचं दार वाजवतो, आतून पावलं ऐकू येतात, आणि पान संपतं. दाजींनी दारू न भरलेल्या नळ्या पोतंभर घरी आणल्या आणि अंगणात बसून एकेक उलगडायला घेतली. अक्का म्हणाली, "लोकांच्या घरी दिवाळी, आमच्याकडं पोस्टमार्टम!" दोन पानं निघाली. दोन्ही जाहिरातींची.

तेव्हापासून दाजींना एकच ध्यास लागला, दार कोण उघडतं? इंटरनेटवर बघून सांगतो म्हटलं, तर म्हणाले, "ऐकीव न्हाई पायजे. छापलेलं पायजे." तोवर स्वतःच शेवट रचत आणि जेवताना अक्काला सांगत बसत.

गेल्या उन्हाळ्यात त्यांना उमरग्याच्या दवाखान्यात ठेवलं, तेव्हा मी तो अंक परदेशातून मागवला. तो पोचला तेव्हा दाजींचं तेरावं होऊन दोन दिवस झाले होते. कपाटात बाकीच्यांच्या शेजारी ठेवावा म्हणून मी तो येडशीला नेला. अक्का गहू निवडत होती.

"आधी वाच," ती म्हणाली. "मला मराठीतनं सांग."

मी खाली बसून ती सोळा पानं हळूहळू सांगितली. दार एक अनोळखी बाई उघडते. कप्तानाच्या घरचे केव्हाच दुसरीकडं राहायला गेलेले असतात. तो तिची माफी मागतो आणि परत यानाकडं चालू लागतो.

अक्काचे हात सुपात थांबले. "ह्यांच्या गोष्टीत त्याची बायकोच दार उघडायची," ती म्हणाली.

"आणि मग?"

"दार उघडून ती कायतरी बोलायची त्याला. काय ते... दर बारीला तिथवर आले की मी म्हणायचे, भाकरी गार व्हायलीय, जेवा आधी. पुढचं मी कधी ऐकूनच घेतलं न्हाई रे."

मग तिनं माझ्या हातातून अंक घेतला आणि त्याला ऊन दाखवायला अंगणात गेली.