साधनाच्या वाट्याची गिटार

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि जिला सर्वांत आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. मी व्यवस्थित बाई आहे. नोएडातल्या एका कंपनीत प्रशासन सांभाळते. कुठली चावी कुठे आहे, कोण कधी सुटीवर आहे, पाण्याचा फिल्टर कधी बदलायचा, हे लोक मला विचारतात. घरी फ्रीजवर याद्या असतात. ही गोष्ट मात्र कुठल्याच यादीत नाही. का नाही? लिहिली की वाचावी लागते, म्हणून.

आधी सोपं ते सांगते. मला गिटारी विकत घेण्याचं वेड होतं. वाजवण्याचं नव्हे — विकत घेण्याचं. चाळिशीनंतर शिकायला लागले. पहिली गिटार पुरेशी होती. मग नायलॉनच्या तारांची एक हवी, कारण बोटं दुखतात. मग एक लहान, प्रवासात न्यायला. ती कधी दिल्लीतल्या आमच्या मयूर विहारच्या बाहेर गेली नाही. प्रत्येक वेळी माझ्याकडे कारण तयार असायचं, मुद्देसूद. नवीन गिटार घरी आली की पंधरा दिवस वाटायचं, आता मी वेगळी होणार. सोळाव्या दिवशी तेच चार कॉर्ड, त्याच जागी अडखळणं. अशा सात झाल्या. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये सात. नवरा एकदाच बोलला, "अगं, हात दोनच आहेत ना तुला?"

साधना मला गिटारच्या क्लासमध्ये भेटली. मूळची नागपूरची, इथे केंद्र सरकारच्या ऑफिसात, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. पहिल्यांदा घरी आली, सगळ्या गिटारी बघितल्या, म्हणाली, "तुम्ही वाजवता कमी नि पुसता जास्त, ताई." मला दुसऱ्या कोणी असं म्हटलेलं चाललं नसतं.

तिच्याजवळच मी एकदा कबूल केलं की मला थांबताच येत नाही. मग आम्ही नियम केला. गिटार घ्यावीशी वाटली की दुसरीला सांगायचं. दुसरीने तारीख लिहून ठेवायची. पंधरा दिवस थांबायचं, त्यानंतरही हवीच असेल तर घ्यायची. साधनाला या नियमाची काहीच गरज नव्हती. तिच्याकडे एकच गिटार होती, तीही साधी. "एकटीनं धरलं की सुटतं, दोघींनी धरलं की टिकतं," म्हणाली, आणि माझ्यासाठी तिने स्वतःला बांधून घेतलं. हे नीट लक्षात ठेवा. नियम माझ्यासाठी होता.

आणि तो चालला. आठ महिने मी एकही गिटार घेतली नाही. माझी इच्छा सहाव्या-सातव्या दिवशीच निवायची. मला स्वतःचा अभिमान वाटायला लागला होता.

मग शिंदेकाकांचं झालं.

काका फरीदाबादला राहायचे. नगरकडचे, मराठी ख्रिस्ती. कारखान्यातून निवृत्त झालेले, बायको गेलेली. महाराष्ट्र मंडळाच्या एका कार्यक्रमात त्यांनी गिटार वाजवली तेव्हा मीच जाऊन ओळख करून घेतली, आणि मीच साधनाला त्यांच्याकडे घेऊन गेले. तारांना अगदी हलका हात लावायचे. त्यांची गिटार कलकत्त्याच्या एका कारागिराने बनवलेली, चाळीस वर्षं चर्चच्या उपासनेत वाजलेली. करंगळी टेकून टेकून लाकडावर एक फिकी जागा पडली होती. मी ती एकदा मागितली होती. काका हसले. "तुझ्याकडे सात आहेत, बाई. आठवीनं काय व्हायचंय?"

साधना दर दुसऱ्या रविवारी त्यांच्याकडे शिकायला जायला लागली. मीही कधीकधी. पण शिकत ती होती, हे बघणाऱ्याला कळायचं. काकांना कळत होतं. मलाही.

एका रविवारी रात्री तिचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. काकांची बोटं आता दुखायची. ते गिटार तिला द्यायला तयार होते. "मला म्हणाले, तू वाजवशील म्हणून तुला. ताई, मला आजवर कोणी असं म्हटलं नाही हो." मग हसून म्हणाली, "लिहा तारीख. मलाबी नियम आहे ना!"

तुम्ही माझ्या जागी असता तर काय म्हणाला असता? "वेडी आहेस का, उद्याच घेऊन ये," असंच ना? मी तारीख लिहिली.

"पंधरा दिवस थांब," मी म्हणाले. "नियम म्हणजे नियम."

"काका कुठं पळून चालले? बरं, तुम्ही म्हणता तर थांबते बावा."

मला त्या वेळी काय वाटलं ते सांगते. फसवल्यासारखं वाटलं. काकांना मी शोधलं, मी ओळख करून दिली, आणि दिली कोणाला? तिला. जणू माझ्या पाठीमागे दोघांनी काही ठरवलं होतं. त्यांनी काहीच केलं नव्हतं. पण आपला विश्वासघात झालाय असं एकदा मनाने घेतलं, की पुढचं सगळं न्यायाचं वाटायला लागतं.

नवव्या दिवशी मी अर्धी रजा टाकली आणि मेट्रोने फरीदाबादला गेले. काकांना सांगितलं, की साधनाचं मन बदललंय. तिला तुमची गिटार नकोय, पण तोंडावर सांगायला संकोच वाटतोय. तुम्ही विषय काढू नका, तिला अवघड होईल.

काका म्हणाले, "मी नवीन तारा चढवून ठेवल्या होत्या. तिची बोटं मऊ आहेत म्हणून हलक्या." मग म्हणाले, "तिने सांगितलं असतं तर मी काय रागावलो असतो?" मी म्हणाले, मी घेते. त्यांनी गिटार पुसली, जुन्या चादरीत गुंडाळली आणि दिली. दारापर्यंत सोडायला आले.

ती मी बॉक्सच्या पलंगात ठेवली. रजयांच्या खाली.

एवढंच असतं तर मी म्हणाले असते, हाव होती. पण साधनाला काय सांगायचं? ती पंधराव्या दिवशी काकांना फोन करणार होती. एका फोनने सगळं उघडं पडलं असतं. मला असं कारण हवं होतं, की ते ऐकल्यावर ती पुन्हा विचारायला जाणार नाही. आणि मला ते लगेच सापडलं. शोधावं लागलं नाही, हेच मला सर्वांत जास्त टोचतं.

साधना बौद्ध कुटुंबातली. नागपुरात, दिल्लीत, ऑफिसात, भाड्याने घर घेताना — नाव ऐकून आडनाव विचारणारी माणसं आणि आडनाव ऐकून गप्प होणारी माणसं तिने आयुष्यभर बघितली होती. हे तिने मला सांगितलं होतं. मैत्रीण म्हणून. काकांच्या घरी असं काही नाही, हेही सांगितलं होतं. "तिथं मी नुसती साधना असते," म्हणाली होती.

मी तिला म्हणाले, "काकांनी गिटार त्यांच्या चर्चमधल्या कोणाला तरी दिली. म्हणाले, आपल्या माणसांत राहिलेली बरी."

ती रडली नाही, चिडली नाही. कधीतरी हे येणारच होतं, अशा आवाजात फक्त "अच्छा" म्हणाली. काकांना तिने फोन केला नाही. रविवारी जाणं बंद केलं. आणि मी? मी तिच्या घरी गेले, तिच्या हाताचा चहा घेतला, आणि "माणसं अशीच असतात गं," असं म्हणाले.

त्यानंतर मी एकही गिटार विकत घेतलेली नाही. पाच देऊन टाकल्या. आमच्या गिटारच्या क्लासच्या ग्रुपमधले लोक विचारतात, माधवी, तू कसं जिंकलंस हे? मी त्यांना पंधरा दिवसांचा नियम सांगते. दोघातिघांना त्याचा उपयोगही झालाय. पण मी काही जिंकलेलं नाही. दुकानाच्या काचेत गिटार दिसली की मला चादरीची गाठ बांधणारे ते दुखरे हात दिसतात, आणि मी पुढे चालू लागते. याला संयम म्हणतात का? दर थंडीत रजया काढताना काकांच्या गिटारीवरून हात जातो. मी ती एकदाही वाजवलेली नाही.

दोन वर्षांनी काका मुलीकडे नगरला कायमचे निघाले. चर्चच्या हॉलमध्ये छोटा निरोप समारंभ होता. मी साधनाला विचारलं. "मी कशाला?" ती म्हणाली. "त्यांची आपली माणसं असतील की." मला तिथेच बोलता आलं असतं. मी एकटी गेले. कोणी आत आलं की काका दाराकडे बघायचे. निघताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "साधनाला सांग, माझा तिच्यावर काही राग नाही. माझ्या हातून काही चुकलं असेल तर तेही सांग म्हणावं. आणि वाजवणं सोडू नको म्हणावं, तिचा हात चांगला आहे." मी मान डोलावली.

तिचं वाजवणं सुटलं होतं. तिची ती एकुलती गिटार तिने केव्हाच भाचीला देऊन टाकली होती.

गेल्या हिवाळ्यात काकांच्या मुलीचा फोन आला. काका गेले. मी दुपारी साधनाला कळवलं. तिच्यामागे ऑफिसात कोणीतरी चहा सांगत होतं, कोणी हसत होतं.

"ताई," ती म्हणाली, "नंतर कधी ते माझ्याबद्दल काही बोलले होते का हो?"

मी बसले होते. समोर कोणी नव्हतं. एक वाक्य सांगायचं होतं — माझं नव्हे, काकांचं, जसंच्या तसं.

"नाही," मी म्हणाले.

"वाटलंच," ती म्हणाली. आणि मग, मला वाईट वाटत असेल म्हणून, तिने विचारलं — जेवलात का तुम्ही?