एलिचपूरचा पैसा आणि रविवारचा लिलाव

आमच्याकडे नाणी जमायला वर्षं लागतात, किस्से मात्र दर रविवारी जमतात!

अमरावतीला राजापेठेत नासिरचाचांचं जुन्या नाण्यांचं छोटं दुकान आहे. इतिहासात एम.ए. करून मी तिथे लागले. रविवारी सकाळी अकरा वाजता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नाण्याचा फोटो टाकायचा, बोल्या आल्या की 'एक वार, दोन वार' टाइप करायचं, आणि 'तीन वार' म्हटलं की नाणं गेलं. काम एवढंच. पण फोनची रिंग वाजली तरी मी दचकते. चाचा म्हणतात, "बेटी, नाणं चावत नाही!"

*

पहिल्याच आठवड्यात एक गृहस्थ पाच रुपयांचं साधं नाणं रुमालात बांधून घेऊन आले.

"व्हिडिओत पायलं मी. याचे दहा लाख येतेत. काढा!"

चाचांनी शांतपणे गल्ल्यातून अगदी तसंच नाणं काढलं. "हे माझं. तुमाले पाच लाखातच देतो. तुमी दहाले विका."

गृहस्थांनी दोन्ही नाणी उलटीपालटी करून पाहिली. मग हळूच म्हणाले, "काई कमी नाई होत का?"

*

पोस्टात पार्सल द्यायला गेले. खिडकीतल्या मॅडमनी विचारलं, "आत काय आहे?"

मी इतकी घाबरले, की पटकन बोलून गेले, "काही नाही!"

मॅडमनी पुडकं काट्यावर ठेवलं. "शंभर ग्रॅम काही नाही. स्पीड पोस्ट करू का साधं?"

*

आता वानखडे सर. अकोल्याचे, गणिताचे निवृत्त शिक्षक. वऱ्हाडात चाललेल्या जुन्या नाण्यांचा त्यांचा अल्बम आहे. त्यातला एकच कप्पा रिकामा! एलिचपूरच्या, म्हणजे आपल्या अचलपूरच्या टांकसाळीतला तांब्याचा पैसा त्यांना कधीच मिळाला नाही. दर रविवारी अकराला पाच कमी असताना त्यांचा मेसेज येतो.

"एलिचपूर आहे काय?"

"नाही सर."

"बरं."

ते 'बरं' वाचून मला दिवसभर चुकल्यासारखं होतं.

आणि एकदा चुकलंच. भातकुलीच्या एका मावशींनी फोटो पाठवला. एलिचपूरचाच पैसा! मी आनंदाच्या भरात फोनवर म्हणाले, "मावशी, फोटोत काळा दिसतोय, अक्षरं नीट लागत नाहीत." आणि लगेच सरांना कळवलं. सर दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं हजर. मावशीही आल्या. त्यांनी पदराची गाठ सोडली, तर पैसा सोन्यासारखा लखलखीत!

"तुमी काळा म्हनलं ना पोरी, म्हून रातभर चिंचेत ठेवला आन् सकाळी राखेनं घासला. आता पाय कसा झाला!"

अक्षरं पार गेलेली. मला रडूच फुटणार होतं. सरांनी भिंगातून दोन्ही बाजू पाहिल्या आणि मावशींना म्हणाले, "मेहनत मात्र पैकीच्या पैकी हो, बाई."

*

ग्रुपवर सगळे ज्यांना टरकून असतात ते धामणगाव रेल्वेचे किशोरभाऊ. कापसाचा धंदा. एकदा बोलीत उतरले की माघार नाही! एका रविवारी ते भर लिलावात गप्प झाले. मी 'दोन वार' टाकलं, तसा मेसेज आला, "पाच मिनिटं थांब, लग्नात उभा हाओ."

मी विचारलं, "कोणाचं लग्न, भाऊ?"

"माह्याच पोरीचं."

पाच मिनिटांनी मुलगी सासरची झाली आणि नाणं किशोरभाऊंचं!

*

गेल्या महिन्यात परतवाड्याच्या एका टेलरताईंनी एलिचपूरचा पैसा विकायला पाठवला. काळाकुट्ट, अक्षरं ठसठशीत. चाचांनी तळहातावर तोलला. "चार हजाराचा माल आहे, बेटी. ताईला तेवढे मिळाले पाहिजेत."

त्या रविवारी सरांनी "एलिचपूर आहे काय?" विचारलं, आणि मी पहिल्यांदा "हो सर" लिहिलं.

अकरा वाजता फोटो टाकला. सुरुवात हजारापासून. सरांनी दीड हजार लावले. पुढे कोणी बोलेना. सगळ्या ग्रुपला तो रिकामा कप्पा माहीत! 'एक वार' टाकलं. 'दोन वार' टाकलं, आणि वर दिसलं, किशोरभाऊ टायपिंग...

मेसेज आला.

"सर, हे तुमचं. मी सोडलं. तुमच्या हाताखाली शिकलो धामनगावले."

मी सुटकेचा श्वास घेतला आणि 'तीन वार' टाइप करायला लागले. तेवढ्यात सर.

"तुले कोनं सांगतलं सोडाले? लिलाव हाय हा. विकनाऱ्याले पुरा भाव भेटला पाहिजे. बोली लाव."

"नाही सर."

"किशोर!"

दोन सेकंदांनी किशोरभाऊंची बोली आली. सोळाशे.

सर, सतराशे. किशोरभाऊ, अठराशे. मी घाबरून चाचांकडे पाहिलं. चाचा चहा फुंकत म्हणाले, "चलने दे बेटी, शाळा भरली आहे."

तीन हजार. साडेतीन. किशोरभाऊ, एकोणचाळीसशे. सर, चार हजार.

आणि लगेच खाली सरांचा दुसरा मेसेज.

"आता बस."

"हो सर."