पाण्याची तुकडी

अंजनगावहून मी अमरावतीला कॉलेजात आले तेव्हा महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. कॉलेज म्हणजे दोन वेण्यांऐवजी एक वेणी, एवढंच माझ्या डोक्यात. राहायला राजापेठेत आत्याकडे. पहिल्याच आठवड्यात कळलं, की इथे मुलींनी मुलींच्या खोलीत थांबायचं, सर निघाले की त्यांच्या मागून रांगेने वर्गात शिरायचं आणि तास संपला की तसंच बाहेर पडायचं. एवढ्या मोठ्या वर्गात कोण कुठला, काही पत्ता लागत नसे.

आमच्या रसायनाच्या सरांना हे खटकलं. पुण्याकडचे होते, तरुण होते, आणि एकदा मनात घेतलं की समोरच्याला सोडत नसत. प्राचार्यांच्या मागे लागून त्यांनी एक प्रयोग मंजूर करून घेतला. पहिल्या वर्षाची वीसेक मुलंमुली निवडायची, त्यांचे सगळे तास एकत्र ठेवायचे आणि रसायन, वनस्पतिशास्त्र, मराठी असं सगळं एकाच विषयाला धरून शिकवायचं. विषय ठरला पाणी. आठ दिवसांत आमचं नाव पडलं, पाण्याची तुकडी. आम्ही दिसलो की व्हरांड्यातून कोणीतरी ओरडायचंच, "पाणी आलं रे, बादल्या काढा!"

पहिलं काम मराठीच्या तासाला, आपल्या गावच्या विहिरीवर निबंध. अकोल्याकडचा, पूर्णाकाठच्या गावचा एक सडपातळ मुलगा होता. त्याने उभं राहून वाचलं, "गावच्या विहिरीवर आमाले जाता येत नसे. छप्पन साली आमी बौद्ध झालो, अन् त्याच्या पुढच्या वर्षी बाबानं आमची विहीर खोदली." वाचून खाली बसला.

दुसरं काम, गावाहून बाटलीभर पाणी आणणं. सोमवारी प्रयोगशाळेच्या टेबलावर औषधाच्या, सरबताच्या, कसल्या कसल्या बाटल्या जमल्या. माझ्या पाण्याला खोबरेल तेलाचा वास येत होता. धारणीचा मुलगा, फॉरेस्ट गार्डाचा पोरगा, भोपळ्याच्या तुंब्यात ओढ्याचं पाणी घेऊन आला होता, अन् एसटीत दिवसभर तो तुंबा मांडीवरच.

"आधी चव, मग परीक्षा," सर म्हणाले.

ज्याने त्याने आपलं पाणी दुसऱ्याच्या ओंजळीत ओतायचं आणि चव वहीत लिहायची. पूर्णाकाठच्या मुलाची बाटली आली आणि सगळ्यांना एकदम वहीत पुष्कळ लिहायचं आठवलं. मीही मान खाली घातली. आत्याचा चेहरा डोळ्यांपुढे आला होता.

तोच म्हणाला, "नका पिऊ राजेहो. खारट हाये लय."

तो आमची सुटका करत होता की खरं सांगत होता, कळेना. तेवढ्यात धारणीवाल्याने ओंजळ पुढे केली. "मले टाक." घोट घेतला आणि तोंड वेंगाडलं. "अरे बापा! समुद्र आनला काय बे?"

मग मी हात पुढे केला. धीर वगैरे काही नाही. मी समुद्र कधी पाहिला नव्हता, म्हणून. पाणी खरंच तोंडात धरवेना. मग सगळ्यांनीच घेतलं, आणि थुंकायला मोरीपाशी ही गर्दी झाली.

मीठ ओळखायला त्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले तर ते दुधासारखं पांढरं झालं. साबण घासला तर फेस नाही. सरांनी विचारलं, "मग तुमच्याकडे डाळ शिजते कशी?"

"शिजत नाई सर. आमी वाट पाहतो."

डिसेंबरातल्या एका रविवारी अख्खी तुकडी त्याच्या गावी गेली. मुली होत्या म्हणून सरांच्या बायकोही बरोबर आल्या. अकोल्यापर्यंत रेल्वे, पुढे बस, शेवटी बैलगाडी. त्याची आई दुसऱ्यांच्या वावरात मजुरीला जायची, त्या दिवशी आमच्यासाठी घरी राहिली होती. चुलीवर चहाचं पातेलं होतं. दोन कोसांवरून तिने गोड्या पाण्याची घागर डोक्यावर आणली होती.

सर म्हणाले, "आई, आम्हाला इथल्याच पाण्याचा चहा द्या ना. तेच तर बघायला आलोय."

"पाहुण्यायले खारट च्या देऊ काय मी? सर असान तुमी तिकडं."

सरांनी गोड्या पाण्याचा चहा घेतला, आम्हीही घेतला. नंतर विहिरीवर तिनेच आम्हाला शिकवलं. "बादली अल्लद टाकाव. वरचं वरचं काढाव, तळ ढवळू नाई. पावसाचं गोड पाणी वर राह्यते." वरच्या आणि खालच्या पाण्याच्या आम्ही वेगळ्या बाटल्या भरल्या. प्रयोगशाळेत तिचं म्हणणं तंतोतंत खरं निघालं.

त्या रविवारी रात्री मी घरी पोचले तेव्हा आत्याने विचारलं, "तिथं खाल्लं-प्यालं काय?"

"चहा घेतला."

"कोनाच्या घरी?"

"आमच्या तुकडीतल्या मुलाच्या."

"अवं पन कोनाच्या?"

"तुकडीतल्या मुलाच्या," मी पुन्हा तेच म्हटलं. ती भाकऱ्या थापायला वळली.

वर्षाखेरीला आम्ही विहिरींचा एक नकाशा केला. खारं पाणी लाल शाईने, गोडं निळ्या. तो जिल्हा कचेरीत पाठवला. उत्तर आलं एका ओळीचं, नकाशा मिळाला. आम्हाला तेवढ्यानेही आभाळ ठेंगणं झालं. कागद फळ्यावर डकवून आम्ही पेढे वाटले. उन्हाळ्यात सरांना दुसरीकडे नोकरी लागली आणि पाण्याची तुकडी पुन्हा काही झाली नाही.

निकाल लागला त्या दिवशी मला ताप होता. पूर्णाकाठचा तो मुलगा राजापेठ शोधत शोधत दारात आला. "आत्याबाई, पास झाल्या त्या. रसायनात वर्गात पहिल्या." स्वतःचं सांगायचं त्याच्या ध्यानातच नव्हतं, मी विचारलं तेव्हा म्हणाला, "मी बी झालो." आत्याने त्याला ओसरीत खुर्ची दिली, चहा दिला, गावचं पाऊसपाणी विचारलं. तो गेल्यावर त्याची कपबशी तिने मोरीच्या कडेला वेगळी ठेवली. मी उठले, ती उचलून आमच्या कपबशांबरोबर धुतली आणि फळीवर पालथी घातली. आत्या दारात उभी राहून पाहत होती. म्हणाली, "ताप हाये ना तुले? जा, पड."