सेन्सर त्यांचा, कोड आमचा

फुकट सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्याला पगार मिळत नाही, किस्से मात्र साचत जातात. आम्ही तिघं. एव्हरशाईन सिटीत राहणारी मेघना, वसईगावात केळीची वाडी असलेला ग्रेगरी आणि मी. पाण्याची टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आम्ही नोकऱ्या सांभाळून चालवतो. कोणीही घ्यावं, कोणीही बदलावं.

*

टाकीतली पाण्याची पातळी मोजणारे सेन्सर बनवणाऱ्या एका कंपनीने स्वतःहून कोड लिहून पाठवला. त्यांचा सेन्सर आता आमच्या सॉफ्टवेअरला जोडता येणार म्हणून आम्ही खूश. ग्रेगरीने वाडीतली केळी वाटली.

पुढे तो कोड लिहिणारा इंजिनीअर नोकरी सोडून गेला. कंपनीने सेन्सरमध्ये काहीतरी बदललं आणि जोडणी तुटली. तक्रारी आल्या त्या आमच्याकडे.

*

चांदीप गावच्या एका शेतकऱ्याचा मेघनाला फोन आला. टाकी भरली तरी पंप थांबत नव्हता. सेन्सर आमचा नाही, कंपनीला विचारा, असं तिने समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"ताई, कंपनी म्हनते सॉफ्टवेअर तुमचं. तुमी म्हनता मशीन त्यांचं. पानी मात्र माझ्या मिरचीत चाललंय."

रविवारी आम्ही चांदीपला जाऊन पंपाला हाताने बंद करायचं साधं बटण बसवून दिलं. बांधाकडची मिरची तोवर कुजली होती.

*

दुरुस्तीसाठी सेन्सर हातात हवा. ग्रेगरीने कंपनीकडे एक मागितला. मॅनेजरने सांगितलं, विकत घ्या, तुमच्यासाठी डिस्काउंट देतो.

ग्रेगरीने फोन ठेवला. "आपण यांचंच काम करतोय, हे यांना ठाऊकच नाय."

*

मग आमच्यातच वाजलं. ग्रेगरीचं म्हणणं, ज्याची वस्तू त्याने जोडणी सांभाळावी, नाहीतर कोड काढून टाकू. मेघनाला ते पटेना. आपण कोड घेतला म्हणून लोकांनी विश्वास ठेवला, त्यांना असं कसं सोडायचं?

शेवटी तीच म्हणाली, "आधी सगळ्यांना कळवू. मग काढू."

कळवलं, वाट पाहिली, काढला.

*

कंपनीची गिऱ्हाईकं कुरकुरायला लागल्यावर तोच मॅनेजर पेढे घेऊन मेघनाच्या घरी आला. जोडणी परत घ्या, सांभाळायला आमचा माणूस देतो म्हणाला. कोडच्या फाईलमध्ये पहिल्या ओळीत त्या माणसाचं नाव असेल तरच घेऊ, अशी मेघनाची अट. नाव आलं. कोड परत घेतला.

काही दिवसांनी विरारहून एका तरुणाचा फोन आला. त्यांच्या सोसायटीची टाकी भरून वाहत होती, सेन्सर त्याच कंपनीचा. मी तेव्हा मेघनाकडेच होतो. तिने स्पीकर लावला.

"ती जोडणी कंपनीचा माणूस बघतो," ती म्हणाली. "फाईल उघडा, पहिल्याच ओळीत नाव आहे."

त्याने उघडली असावी.

"मॅडम, हे माझंच नाव आहे. मी त्याच कंपनीत आहे. पण हे मला कोणी सांगितलंच नाही."

मेघनाने त्याला नाव विचारलं. फाईलमधलंच होतं.

"मग आता मी कोणाला फोन करू?"